माझ्या नावापुढचा रकाना

आमच्या गटात तिघं होतो आणि तिघांनीही एकमेकांना फक्त फोनवर पाहिलं होतं. मी अमरावतीची, एक ताई अकोल्याच्या, आणि एक भाऊ वरूडचे. भाऊंची संत्र्याची बाग होती. घरी मुलगी लहान म्हणून ते हा अभ्यासक्रम करत होते. बालवाडीतल्या मुलांना कसं शिकवायचं, हे त्यात ऑनलाइन शिकवत. मीटिंगला ते बहुतेक वेळा ट्रॅक्टरवरूनच यायचे. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं आम्ही अंदाजानेच समजून घेत असू.

गटाने मिळून एक धडा तयार करायचा होता. भाऊ असताना विषय शोधावा लागला नाही. संत्रं.

कोणी काय काम केलं याची एक शीट होती. दर शनिवारी आपल्या नावापुढे आपलं काम लिहायचं. ज्याचं काम शीटमध्ये दिसणार नाही त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही, असं अभ्यासक्रम घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मला ते हवंच होतं. घराजवळच्या बालवाडीत माझ्यासाठी जागा होती, पण प्रमाणपत्र दाखवल्यावर.

तरी पहिल्या शनिवारी मी माझ्या नावापुढे लिहिलं, ‘थोडी मदत केली.’

खरं तर धडा मी लिहिला होता. भाऊ बागेतून चालता चालता बोलून पाठवत, आणि त्यांच्या बोलण्यातून मुलांना कळतील अशी वाक्यं मी वेचत असे. चित्रंही माझीच होती. पण ‘मी केलं’ असं टाइप करताना बोट अडायचं. माझी शाळा इंग्रजी. मराठी बोलायच्या आधी मी वाक्य मनात एकदा म्हणून बघते, आणि तोवर सगळे पुढच्या विषयावर गेलेले असतात.

ताईंचा फोन आला. “काहून वं, तू थोडी मदत केली? मंग बाकीचं कोनं केलं, माह्या सासूनं?”

“स्वतःच स्वतःचं लिहायला बरं दिसत नाही, ताई.”

“तुले बरं दिसत नाही म्हून मी खोटं वाचू का?” मग त्यांनीच तोडगा काढला. “असं कर. तू आमचं लिह्य. आमी तुह्यं लिहितो.”

हे मला फार जमलं. बघत बसणं ही माझी जुनीच सवय. ताईंनी धडा आपल्या आणि शेजारच्या मुलांवर करून पाहिला होता. फोडी मोजून दाखवायच्या, असा खेळ होता. ताईंनी पाठवलेल्या व्हिडिओत मोजणी सुरू व्हायच्या आधीच फोडी संपल्या होत्या आणि एक मुलगी मान खाली घालून बिया मोजत होती. मी ते सगळं लिहिलं. ताईंनी न रागावता दुसरं संत्रं सोललं आणि खेळ उलटा केला, आधी खायचं आणि मग बिया मोजायच्या, हेही लिहिलं.

ताईंनी वाचून कळवलं, “माह्या नवऱ्यानं लग्नापासून माह्याकडे इतकं पाह्यलं नाही.”

माझ्यापुढे भाऊंनी लिहिलं होतं, ‘हे पोरगी बोलत नाही. पण मी काय बोललो ते मले हिचं वाचूनच समजते.’ ते मी किती वेळा उघडून वाचलं हे सांगणार नाही.

शेवटच्या मीटिंगमध्ये मॅडमनी शीट पाहिली आणि म्हणाल्या, “दुसऱ्याने लिहिलेलं चालणार नाही. प्रत्येकाने आपलं काम आपल्या तोंडून सांगा.” ताई आणि भाऊंचं झालं. माझी पाळी आली.

मी वाक्य मनात म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा.

“मॅडम, तिनंच तर सगळं,” ताईंनी सुरू केलं.

“तिला बोलू द्या.”

तेवढ्यात भाऊंनी ट्रॅक्टर बंद केला. इतक्या मीटिंग झाल्या, पण त्यांच्याकडून अशी शांतता कधी आली नव्हती. मागे कुठेतरी पक्षी बोलत होते तेसुद्धा ऐकू आलं. माझ्यासाठी एका माणसाने बागेतलं काम थांबवलं होतं. आता गप्प बसणं मलाच बरं वाटेना.

“धडा मी लिहिला,” मी म्हटलं.

“आणि चित्रं?”

“तीपण मीच काढली. बियांचं चित्र तीनदा काढलं, कारण पहिल्यांदा ते तांदळासारखं दिसत होतं.”

मॅडम हसल्या. ताईंच्या मागून एक बारीक आवाज आला, “हेच का वं ते संत्र्यावाली?” आणि ताईंच्या घरातली सगळी मुलं फोनमध्ये डोकावली. मी हात हलवला. मग शीट उघडून पहिल्या शनिवारचं ‘थोडी मदत केली’ पुसलं आणि मॅडमसमोरच टाइप केलं, ‘धडा लिहिला. चित्रं काढली.’

“आता कशी लायनीवर आली,” ताई म्हणाल्या. भाऊंनी ट्रॅक्टर सुरू केला.

आता मी त्या बालवाडीत शिकवते. परवा भाऊंकडून संत्र्यांची पेटी आली आणि मी पहिल्यांदा स्वतःच्या वर्गात तो धडा घेतला. फोडी मोजायच्या आधीच संपल्या. आम्ही बिया मोजल्या.