वानराचा ओरखडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण काल सुधीरनं पुन्हा ती गोष्ट सांगितली आणि मी पुन्हा गप्प बसले.

मी कामात चोख बाई. अड्याळच्या बाजाराला यादी केल्याशिवाय निघत नाही. घरात कुणाचं काही चुकलं की ते सापडतं मलाच. मग हे —?

देवका माझी धाकटी जाऊ. तिला मूल नव्हतं. माझा सुधीर दीड वर्षाचा, आणि तो झोपायचा फक्त तिच्या खांद्यावर. मी घेतला की रडायचा. का? आई मी होते ना? दूध माझं, न्हाऊमाखू माझं — आणि हसू तिला. पण तक्रार काय करणार? ती तर माझंच काम हलकं करत होती.

आणीबाणी उठली त्यानंतरचा हिवाळा. लाखोरीच्या पिकाला शेंगा धरलेल्या. आम्ही दोघी वानरं हाकायला शेतावर होतो. शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावर कळप बसला होता, त्यात एका मादीचं नवं, काळं पिल्लू. दुसरीनं ते ओढून मांडीवर घेतलं, मग तिसरीनं. आई निवांत पाला खात होती. मला तिचा रागच आला.

देवका हसली. "पाहा बाई, वानरी बी आपलं लेकरू दुसरीले देते. तुमीच जीव टांगून राहिल्या."

थट्टाच होती. पण सुधीर तिच्याच कडेवर होता. मी त्याला — ओढला. त्यानं तिची मान सोडली नाही. मी आणखी जोरानं ओढला. माझी बांगडी वाढली, काच त्याच्या गालात गेली. देवकानं पदरानं रक्त पुसलं.

घरी सासूबाईंनी विचारलं. देवका माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "हिनं वानरापाशी नेला. वानरानं ओरबाडलं."

"काहून वं?" सासूबाई तिच्या अंगावर धावल्या. "पोटचा असता तं नेला असता का?"

देवका नुसती उभी. तिनं मला वाचवलं म्हणू? नाही. तिचं कुणी ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं — म्हणून तर मी बोलले.

त्यानंतर सुधीरला तिच्याकडे कुणी दिला नाही. तो तिच्या दाराशी हात पसरून रडायचा; ती आत निघून जायची. पुढे तो रडायचा थांबला. माझ्या खांद्यावर झोपू लागला. आणि मला बरं वाटलं — खूप बरं वाटलं.

आता तो शाळेत जातो. काल अंगणात मित्रांना गाल दाखवत होता, "मले वानरानं धरलं होतं, आईशपथ! काकूले विचार."

देवका विहिरीवरून पाण्याचा गुंड घेऊन येत होती. थांबली. "हो रे बाबू," म्हणाली, "लय मोठं होतं." आणि आपल्या घरात गेली.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.