थेल्मा, माझी टॅप

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत मी चोवीस वर्षं लोकांची पत्रं वाचतेय. शब्द पाठवणारे बहुतेक जण निवृत्त, हट्टी आणि एकटे असतात. एनिड गार्बट त्या सगळ्यांच्या वरताण निघाल्या.

वय त्र्याऐंशी. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत राहतात. मासेमारीची जाळी विणण्यात जन्म गेलेला. नवरा समुद्रातच गेला, मूलबाळ नाही. त्यांची तक्रार अशी, की आमच्या कोशात 'टॅप' या शब्दाचे नळ, हलकी थाप, चोरून फोन ऐकणं, कुणाकडून पैसे उकळणं असे सगळे बरेवाईट अर्थ आहेत, फक्त त्यांच्या गल्लीतला नाही. त्यांच्या गल्लीत टॅप म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. सकाळी उठलं की शेगडीची सळई घ्यायची आणि भिंतीवर दोनदा वाजवायची. पलीकडून दोन ठोके आले म्हणजे ती आहे, आपणही आहोत. चहा ठेवायला हरकत नाही. 'मी गेले की शब्दही माझ्याबरोबर जाईल, तेवढं होऊ देऊ नका,' असं त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

एकटीच्या सांगण्यावर शब्द कोशात जात नाही, वापरणारं आणखी कुणीतरी हवं, असं मी कळवलं. सोबत कोरे फॉर्म पाठवले.

आठवड्यात अकरा फॉर्म भरून आले. अकरा बायका, अकरा सह्या, आणि अक्षर सगळं एकाच हातचं. माझं डोकंच फिरलं. फोन लावला.

"बाई, ह्या अकराजणी कोण?"

"आमच्या गल्लीतल्या."

"त्यांना जरा फोनवर बोलवता?"

"कसं बोलवू? टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत सगळ्या. पण पोरी, एकीनंही नाही म्हटलं नसतं गं. विचारून बघ तू!"

हसू दाबत मी विचारलं, जिवंत कुणीच नाही का?

"थेल्मा आहे," त्या म्हणाल्या. "माझी टॅप होती. पण ती माझ्यासाठी काही करायची नाही."

मग सगळं बाहेर आलं. एकतीस वर्षं दोघींचे ठोके चुकले नव्हते. एका सकाळी थेल्माकडून उत्तर आलं नाही. एनिडबाईंनी तीनदा वाजवून पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी दार फोडलं. मागून अख्खी गल्ली आत घुसली. विधवा थेल्मा ठणठणीत होती. पलंगावर, गावातल्या खाटकासोबत.

"चादर गुंडाळून ती माझ्याकडे बघत होती," एनिडबाई म्हणाल्या. "सगळे फिदीफिदी हसत होते. मी पण हसले गं. जिवंत दिसली म्हणून हसले. तिला ते कसं कळावं?"

महिन्याभरात थेल्मा घर विकून लीड्सला मुलाकडे गेली. त्या घरात आता सुट्टीला येणारे पाहुणे उतरतात. त्याला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं ही बाई उठून सरळ चहा ठेवते, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

थेल्माचा पत्ता मी शोधून काढला आणि एनिडबाईंचं सांगणं कळवून फॉर्म पाठवला. दोन महिने काहीच नाही. मग एक दिवस भरून आला. अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'एनिड सांगते तोच.' खाली उदाहरणाच्या जागी: 'मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला. मी सातव्या मजल्यावर राहते. भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. मला टॅप नाही.'

मी ते फोनवर वाचून दाखवलं. एनिडबाई रडल्या, लपवलंही नाही.

"तेवढं पुरेल का तुझ्या कोशाला?"

"पुरेल. आणि तिचा पत्ता देते, लिहून घ्या." हे नियमात बसत नव्हतं, नियम गेला खड्ड्यात.

"नको गं पोरी."

"अहो, एकदा जाऊन तर या!"

"जाऊन काय करू? एकतीस वर्षांत आम्ही एकमेकींच्या घरात कधी बसलो नाही. मध्ये भिंत होती म्हणून जमलं. समोरासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही आमच्या."

मी पुष्कळ समजावलं, थोडी चिडलेही. त्या बधल्या नाहीत.

नोंद छापली गेली, थेल्माच्या उदाहरणासह. वापरातून गेलेल्या अर्थापुढे आम्ही एक छोटी खूण करतो. इथे मी ती केली नाही. बोलणाऱ्या दोघी हयात आहेत. फक्त एकमेकींशी बोलत नाहीत.