थांबलं तरी चालेल

आज ऑफिसात एक मशीन सारखं हँग होत होतं. कर्नेलकडं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडं, मेमरी मागताना फ्लॅग, म्हणजे एक खूण, लावून सांगावं लागतं, थांबायची तयारी आहे की आत्ताच हवी. नव्या इंजिनिअर मुलीनं, जिथं थांबून चालतच नाही तिथं ‘थांबेन’चा फ्लॅग लावला होता.

तिच्यावर ओरडणार होतो, पण ओरडलो नाही.

ऐंशीच्या दशकात वडील पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात होते. आई गावाकडं कोरेगावच्या पोस्टात ट्रंक कॉल लावायला गेली. पोस्टमास्तरांनी विचारलं, "अर्जंट लावू? लवकर लागेल."

"नगं. अर्जंट म्हनलं की वंगाळ वाटतंय. साधाच लावा, थांबतो आमी."

कॉल संध्याकाळी लागला. वडील दुपारीच गेले होते.

मी तेव्हा कॉलेजात होतो, आईशेजारीच उभा. गप्प राहिलो. तुम्ही असता तर बोलला असता का?