कोरडा सदरा

मी स्वभावानंच संशयी. दूधवाल्याच्या दुधापासून शेजारणीच्या हसण्यापर्यंत मला सगळीकडं काळंबेरं दिसायचं. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण मामंजींवर, माझ्या सासऱ्यांवर, जो संशय घेतला त्याची लाज अजून जात नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि वर दुष्काळ. टँकर चार दिवसांनी यायचा. मामंजी निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. त्यांचे पेन्शनचे कागद जुन्या जिल्ह्यातून इकडं यायचे होते, म्हणून ते रोज नव्या कचेरीत जायचे आणि भर दुपारी परतायचे. "उन्हात रांगेत हुबा होतो," म्हणायचे.

पण सदरा वेगळंच सांगायचा. माझ्या नवऱ्याचा शर्ट संध्याकाळी घामानं चिंब, पाठीवर मिठाचे पांढरे डाग. मामंजींचा सदरा मात्र कोरडा, ना डाग ना वास. आधी मला बरंच वाटलं, धुण्याचं पाणी वाचलं. मग डोक्यात किडा वळवळला. मे महिन्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला घाम येत नाही? म्हणजे हे कुठंतरी सावलीला बसतात. कुठं?

उत्तर शेजारणीनं दिलं. "मामंजी तुमचे लई झुलत यायलेत. शिंदी-बिंदी तर घेत न्हाईत ना?"

मामंजी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग धारण करणारा माणूस, आमच्या घरात दारूचं नाव काढायची चोरी. पण खरंच, अलीकडं दुपारी त्यांची जीभ जड व्हायची, बोलताना ते नावं विसरायचे. दारात मी पाण्याचा तांब्या दिला की दोन घोट घेऊन परत करायचे. "तहानच न्हाई लागली गं." मी मनात म्हणायची, लागेल कशी, पोट भरूनच आलात की!

मला पुरावा हवा होता. एका दुपारी दारात तांब्या न देता मी तो मुद्दाम बाहेरच्या सोप्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत उभी राहिले. सरळ चालतात का, एवढंच बघायचं होतं.

मामंजी आत आले. तांब्याकडं चार पावलं टाकली, भिंत धरली आणि खाली बसले ते आडवेच झाले. मी धावले, पहिल्यांदा त्यांच्या तोंडाचा वास घेतला. हो, पहिल्यांदा तेच केलं. कसलाच वास नव्हता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत.

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. सलाइन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "या वयात घाम कमी येतो, तहानही कळत नाही. शरीरातलं पाणी संपत जातं आणि माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

माझ्या लक्षात तर सगळंच आलं होतं.

मामंजी वाचले. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "सुनंनं वाचवलं मला." तांब्या त्या दिवशी कोपऱ्यात का ठेवला होता, ते मी कधी सांगितलं नाही. मात्र त्यानंतर बाहेरून आले की ते उंबऱ्याबाहेरच थांबायचे. मी तांब्या घेऊन जाईपर्यंत, तो हातात देईपर्यंत, आत पाऊल टाकायचे नाहीत.

त्यांना कळलं होतं का? मला अजून संशय आहे.