खापरपणजी सील होती म्हणे

फ्रीमाँटला राहत होतो तेव्हाची गोष्ट. २००५ चा उन्हाळा असेल. आमच्या टाउनहाउसच्या पूलवर मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला बोलावलं होतं. ती आमच्या टीममधली टेस्टर, पन्नाशीची. वडिलांचं घराणं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. ती पाण्यात पाय सोडून बसली आणि माझी सात वर्षांची लेक बोट दाखवून ओरडली, "आई, लुक! हिची बोटं चिकटलीयत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मैत्रीण हसली. तिच्या पायाची दोन बोटं खरंच पातळ कातडीनं जोडलेली होती.

"आमच्या घरात असतात अशी," ती म्हणाली. "माझी खापरपणजी सील होती ना!"

मग तिनं सांगितलं. सील, म्हणजे समुद्रातले ते मिशाळ प्राणी, किनाऱ्यावर येऊन कातडं उतरवतात आणि बायका होतात. एका कोळ्यानं अशाच एकीचं कातडं पळवून छपरात लपवलं. परतीची वाटच उरली नाही, तेव्हा तिनं त्याच्याशी लग्न केलं. तीन मुलं झाली. एक दिवस धाकटीला ते कातडं सापडलं. आईनं तिघांचे मुके घेतले आणि ती समुद्रात गेली.

"तिला मुलांची आठवण नाही आली?" लेकीनं विचारलं.

"येत असणार. मुलं मासे धरायला गेली की एक सील होडीभोवती फिरायची आणि जाळं भरून यायचं. तेव्हापासून आमच्यात सीलला कुणी मारत नाही."

"तुला हे खरं वाटतं?" मी विचारलं.

"माझे वडील इंजिनिअर. ही गोष्ट निघाली की थट्टा करायचे. पण कुणीतरी त्यांना सीलच्या कातड्याचे हातमोजे दिले, तर गाडी काढून समुद्रावर गेले आणि पाण्यात सोडून आले. आईला म्हणाले, हरवले."

मला एकदम माहेरचं देवक आठवलं. आमचं देवक कळंब, म्हणजे कदंबाचं झाड. लग्नात त्याची फांदी पुजतात, पण त्याचं लाकूड कुणी चुलीत घालत नाही. मी हे सांगितल्यावर तीच सरसावून बसली.

"मग ते झाड तुमचं कोण लागतं?"

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आईला फोन करून मी तेच विचारलं.

"कोण लागतं म्हणजे? देवक आहे आपलं," आई म्हणाली. "आजवर कुणी विचारलं नाही बाई. काकांना सांगते गावात चौकशी करायला."

आठवड्यानं काकांचा फोन आला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळ्या हकिकती सांगितल्या होत्या. एक म्हणाला, लढाईत आपला पूर्वज त्या झाडाच्या ढोलीत लपून वाचला. दुसऱ्याच्या मते मूळ पुरुष त्याच झाडाखाली सापडलेलं तान्हं पोर होता. तिसऱ्यानं मात्र काकांना दारातूनच परत पाठवलं, "असलं विचारायचं नसतं" म्हणून.

"आता पुढच्या रविवारी शेजारच्या गावी जाऊन येतो," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका उत्साह मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.