वैशालीचे पाच टेस्ट फोटो

पहिलेच सांगून देतो, म्हणजे मागून कोणी मला शहाणपणा शिकवायला नको. भूत, करणी, देवऋषी... यातलं काही आमच्या घरात चालत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी गळ्यातला ताईत तोडून फेकला होता. तेव्हापासून आमच्याकडे लिंबू येतं ते वरणात पिळायलाच. तरी हे लिहून राहिलो, कारण दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

माझं सीताबर्डीत कॅमेरा दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. मोबाइलनी धंदा बसवला होता, पण आता कॉलेजच्या पोरापोरींना पुन्हा ते जुने, खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे पाहिजेत. मी ते गोळा करतो, दुरुस्त करतो, विकतो. विकण्याआधी प्रत्येकाची टेस्ट घेतो, रविवारी, शहराच्या कडेला वाडीला आमच्या भाड्याच्या घरी. पाच फोटो — गच्चीवर कडक उन्हात, जिन्याखाली सावलीत, खिडकीकडे पाठ करून, स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली, आणि दार-खिडकी लावून फ्लॅशवर. पाचही फोटोंत माणूस एकच, माझी बायको वैशाली. तिच्या हातात गांधीबागेच्या बाजारातून आणलेली दोऱ्याची चार रिळं — लाल, हिरवं, काळं, पांढरं. रिळांवरून रंग कळतात आणि तिच्या चेहऱ्यावरून कळतं की कॅमेरा माणसाची कातडी नीट दाखवतो की नाही.

यात एक नियम मी कडक पाळतो. हसायचं नाही. हसलं की गाल वर जातात, सावल्या बदलतात, मग या कॅमेऱ्याचा फोटो त्या कॅमेऱ्याशी ताडून पाहता येत नाही. ‘हसू नोको वं, हलू नोको’ — लग्नापासून अकरा वर्षं हेच चालू होतं. कॉम्प्युटरवर तिचे हजारभर फोटो असतील, सगळे आधार कार्डावर असतो तसे.

त्या उन्हाळ्यात उमरेडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून एक चंदेरी कॅमेरा आला. बॅटरी अगदीच मेलेली होती, म्हणून फोटो काढल्यावर स्क्रीनवर दिसतो ना, ते मी बंद करून ठेवलं होतं. रविवारी बारा वाजता गच्चीपासून सुरुवात केली. वैशाली नेहमीसारखी उभी राहिली. घाम, ओढलेला चेहरा, ‘लवकर काढा जी, कुकर लावला हाय.’ वीस मिनिटांत पाचही फोटो झाले. ती एकदाही हसली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. माझी नजर सारा वेळ तिच्यावरच होती.

दुपारी जेवून कॉम्प्युटरला जोडला... आणि बाप्पा! पाचही फोटोंत वैशाली हसत होती.

साधं नाही, खळखळून. डोळे बारीक झालेले, मान जराशी कललेली. तिचा वरचा एक दात वाकडा आहे, तो ती नेहमी ओठाखाली झाकते. तो पूर्ण उघडा. बाकी सगळं मी काढलं तसंच होतं. तीच साडी, तीच रिळं, खिडकीच्या फोटोत गजांना जुन्या लेन्सची जांभळी किनार, ट्यूबलाइटच्या फोटोत कमी उजेडामुळं भिंतीवर दाणेच दाणे. फक्त चेहरा निराळा. नजर लेन्समध्येही नव्हती, लेन्सच्या जराशी वर होती, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या तोंडावर.

आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? मला नाही झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकडे ती असं कधी पाहत नाही, मग हे कोणाकडे पाहून राहिली? कॅमेरा उमरेडचा, हिचं माहेर उमरेडचं. माणसाच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो हिशेब बरोबर जुळवून देतो.

‘कोणाले पाहून हसली तू?’ मी तिला हात धरून कॉम्प्युटरपुढं आणलं.

‘मी कुठी हसली?’ ती म्हणाली, आणि वाकून फोटो पाहू लागली. पाचही एकेक करून पाहिले. मग म्हणाली, ‘ही मी नाही.’

‘दात तं तुझाच हाय न!’

‘अकरा वर्षांपासून तुम्हीच म्हणून राहिले न, हसू नोको? मंग मी कोणासाठी हसीन जी?’

ती खरं बोलली, म्हणून मी आवाज चढवला. आपल्याकडे असंच असतं.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन चालू ठेवून तिचा फोटो पुन्हा काढला. बटण दाबेपर्यंत स्क्रीनवर आंबट चेहरा, आणि दाबल्यावर तेच हसू. घरमालकीणबाईंचा काढला, जशाच्या तशा आल्या. माझा स्वतःचा काढला, मीही जसं आहे तसंच थोबाड घेऊन आलो. फक्त वैशाली हसत होती.

मी कोणाला न सांगता एसटीनं उमरेडला गेलो. त्या गृहस्थांना भांडायच्याच तयारीनं भेटलो. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला चहा पाजला आणि म्हणाले, ‘पोरानं दिला होता बावा, पण मले त्याचं चार्जिंगच कुठून करतात ते समजलं नाही. एकही फोटू नाही काढला.’ वैशालीचं नाव, तिच्या वडलांचं नाव, काहीच त्यांना माहीत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मला माझीच लाज वाटली, पण जळणं काही थांबलं नाही. आधी जळायला निदान एक माणूस होता, आता तोही राहिला नाही.

यानंतर मी जे केलं ते जास्त वाईट. ते फोटो मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतले आणि गच्चीवरचा मोठा करून स्क्रीनवर लावला. गिऱ्हाईक नसलं की पाहत बसायचो. घरी गेल्यावर वैशालीशी बोलायचो कमी, तिच्या ओठांकडे पाहायचो जास्त, की आता तरी हसेल. ती पोळ्या लाटायची आणि मी मनात तिला त्या फोटोशी ताडून पाहायचो. माझ्या कामाची सवयच ती.

एक दिवस मी डबा विसरलो, तर ती तो घेऊन दुकानात आली. मी स्क्रीनकडे पाहत होतो. ती कितीक वेळ मागं उभी होती कोणास ठाऊक.

‘मी इथं उभी हावो, अन् तुम्ही तिच्याकडे पाहून राहिले,’ ती म्हणाली.

‘पागल झाली का वं? तूच तं हाय ती.’

‘मी नाही. अन् तुम्हालेही माहीत हाय मी नाही, म्हणूनच पाहून राहिले. पुसून टाका.’

मी माउसवर हात ठेवला. आणि दोस्तहो, खोटं कशाला बोलू, माझं बोट थांबलं. असेल दोन-तीन सेकंद. तिनं डबा काउंटरवर ठेवला, पायऱ्या उतरली, आणि संध्याकाळी मी घरी गेलो तर कुलूप. ती उमरेडला निघून गेली होती.

आठ दिवस तिनं फोन उचलला नाही. आठव्या दिवशी मी फोटो पुसले, घरच्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरमधले आणि कॅमेऱ्यातलेही, आणि तिला आणायला गेलो. सासूबाईंसमोर कान पकडले. ती आली. रस्ताभर खिडकीबाहेर पाहत बसली होती.

पुढच्या रविवारी मी तोच कॅमेरा घेऊन तिला गच्चीवर नेलं. या वेळी रिळं दिली नाहीत. म्हटलं, ‘हस न वं एकदा. मनापासून.’

तिनं प्रयत्न केला. ओठ हलले, गाल जरासे वर गेले, पण लगेच तिनं तोंडावर पदर घेतला. ‘येतच नाही जी,’ ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी बटण दाबलं नव्हतं. नंतर दाबलं, तेव्हा फोटोत जशी होती तशीच आली. त्यानंतर किती वेळा काढला, पण त्या कॅमेऱ्यानं पुन्हा तसं काही दाखवलं नाही. शेवटी एका कॉलेजच्या पोरीला विकून टाकला. तिची काही तक्रार नाही, फोटो छान येतात म्हणते.

सेन्सरचा दोष म्हणाल, तर तीस वर्षं हेच काम करतो, असा दोष नसतो. डोळ्यांचा भ्रम म्हणाल, तर वैशालीनंही पाहिलं. मला कारण सापडलेलं नाही, कोणाला सापडलं तर सांगा. बायको माझी आहे, फोटो मीच काढले, बटणावर बोट माझंच होतं. तरी त्या पाच फोटोंत ती ज्याच्याकडे पाहून हसत होती, त्याच्यावर मी आजही जळतो.