पाय रेघेवरच होते

"माझ्या बापाचे पाय कापलेस तू!"

पत्रिकांचा गठ्ठा त्यानं माझ्या छातीवर फेकला. सुतळी तुटली, पत्रिका प्रेसभर पांगल्या. नांदेडची भरदुपार, काउंटरला चार गिऱ्हाइकं उभी. फेकणारा मोठा माणूस, शाळांचा संस्थाचालक. पत्रिका त्याच्या वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या. वडिलांचा उभा फोटो, घोट्याखाली काही नाही. लोक फोटोच्या पाया पडणार, आणि पायच गेलेले.

"आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं.

"तरीच. तुझे आजे-पणजे आमच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचे."

मी खाली बसून पत्रिका गोळा करायला लागले. हात आपोआप चालले. त्या शिवीपेक्षा मला आज याची जास्त लाज वाटते.

मी कटिंग मशीनवर काम करते. छापून आलेला मोठा कागद मापात कापते. कापायची रेघ कॉम्प्युटरवर फाईल बनते तिथंच ठरते. रंग आणि फोटो त्या रेघेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवायचे, त्याला ब्लीड म्हणतात. अक्षर, चेहरा, हातपाय रेघेपासून आत. कारण गठ्ठ्यात कागद केसभर तरी सरकतोच. ब्लीड नसेल तर कडेला पांढरी पट्टी राहते, ती घालवायला आत कापावं लागतं. एवढंच शास्त्र.

ही फाईल त्याच्या पुतण्यानं केली होती. पुण्यात डिझाईन शिकलेला. काकाला फोटो मोठा पाहिजे, म्हणून यानं ओढून ओढून पाय थेट रेघेवर आणले. बाहेर काहीच सोडलं नाही. प्रूफ निघालं तेव्हा मी बोट ठेवून दाखवलं होतं.

"दादा, पाय जातील. फोटो जरा बारीक करा, खाली जागा सोडा."

"मावशी, तुम्ही कापायचं बघा. फाईल आम्ही बघतो."

सगळे हसले. मला कापायला सांगितलं, मी कापलं.

आता तो पुतण्या दारात उभा होता. मोबाईलमध्ये मान घालून.

मालक माझ्या कानाशी आले. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. "मावशी, हात जोडा. चुकलं म्हणा, विषय मिटंल. त्यांच्या शाळांची सगळी छपाई आपल्याकडं हाय."

हात जोडणं मला नवीन नव्हतं. कापणारा सगळ्यात शेवटी असतो, म्हणून प्रत्येक चूक त्याच्यापाशी येऊन थांबते. एका लग्नपत्रिकेत मामाचं नाव कडेला अर्धं गेलं, तेव्हा मी त्या मामाच्या पाया पडले होते. वाटायचं, ते शिकलेले आहेत, आपलंच काही चुकलं असेल. दोन-चार वेळा खरंच माझं चुकलं होतं. बाकीच्या चुका दुसऱ्यांच्या. त्या मी माझ्या तोंडानं माझ्या म्हणत आले.

गोळा केलेल्या पत्रिका मी पुन्हा खाली टाकल्या. न कापलेला एक कागद शिल्लक होता. तो काउंटरवर पसरला, मोजपट्टी लावली.

"साहेब, ही कापायची रेघ. हे तुमच्या वडलांचे पाय. रेघेवर कुणी आणले, ते पुतण्याला इचारा."

"मला शिकवतीस?"

"हाव. चपला कुणी हातात घेतल्या ते ध्यानात हाय तुमच्या. फाईल कुणी केली ते न्हाई."

मालकाचं तोंड उतरलं. "मावशी, माफी मागा."

"मागत न्हाई. काढायचं तर कामावरून काढा."

काढलं नाही. माझ्याइतका सरळ कापणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून. शाळांची छपाई मात्र गेली. मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुतण्यानं चूक आजपर्यंत कबूल केलेली नाही.

आता फाईल करणाऱ्याची प्रूफवर सही असल्याशिवाय मी सुरी खाली आणत नाही. कितीही मोठ्या घरचं काम असो. सही नसेल तर गठ्ठा पडून राहील. घरी पाठवलं तर जाईन. पण जी चूक माझी नाही, तिच्यासाठी हात जोडणार नाही. कुणापुढंच नाही.

हे माझ्यावर गुदरलं. मी चाकूरकडची, सदुसष्ट वर्षांची, चौथी शिकलेली बाई.